चिखलासाठी घेतलेले एकतीस इंची टायर : एका जुन्या टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपचं प्रकरण

गाडी दुकानात शिरली ती आवाज करतच. स्टिअरिंग डावीकडं पुरतं मोडलं की पुढच्या चाकातून चर्र चर्र ऐकू यायचं. जॅक लावून चाक उतरवलं, तर टायरच्या आतल्या कडेला बोटभर रुंद पट्टा खरवडून निघालेला आणि शेजारच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या कडा घासून घासून चकचकीत झालेल्या. रबर अजून तारेपर्यंत गेलं नव्हतं. पावसाळाभर घाट चालला असता तर गेलं असतं.

माझं दुकान कराड-पाटण रस्त्यावर, मल्हारपेठेच्या अलीकडं. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, पाटे, टायर एवढंच काम. गाडी मोरणा खोऱ्यातल्या एका वाडीची. मालक आबा, साठी ओलांडलेले; चालवणारा त्यांचा धाकटा मुलगा. कराडहून भाजीपाला आणि गूळ भरून कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरायचं, येताना भाताचा कोंडा, सुकी मासळी, मे महिन्यात आंबा घेऊन वर चढायचं, हा धंदा.

गाडी २००९ सालची, सव्वा टन माल वाहणारी पिकअप. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, त्रेसष्ट अश्वशक्ती, पाच गिअर, पुढं-मागं पाटे, पॉवर स्टिअरिंग नाही, जोर फक्त मागच्या चाकांना. गाडीची कंपनी मुद्दाम सांगत नाही. नाव आलं की चर्चा नावावरच घसरते, आणि इथला हिशोब पंधरा इंची चाकाच्या कुठल्याही जुन्या पिकअपला लागू आहे. आबांनी ती तीन वर्षांपूर्वी जुनी घेतली, तेव्हा तिच्यावर २१५/७५ आर १५ मापाचे टायर होते.

"मिस्त्री काका, वाडीच्या चढावर गाडी रुतायची," मुलगा सांगू लागला. "रिकामी गाडी, आन् तरी दर पावसाळ्यात ट्रॅक्टर बोलवायचा. म्हणून हे घातले."

हे म्हणजे ३१ × १०.५ आर १५. चिपळूणकडच्या एका फोर-व्हील-ड्राइव्ह जीपवरून उतरलेला, अर्धा चाललेला संच, आठ इंच रुंद अलॉय चाकांसकट. बसवणाऱ्या दुकानदारानं टायर आत मावेनात म्हणून आणखी चार गोष्टी केल्या होत्या. मागच्या एक्सलवर पाट्याखाली दोन इंची ठोकळे टाकून लांब यू-बोल्ट आवळले. पुढं एक पाटा वाढवला. स्टिअरिंगचे स्टॉपर बोल्ट बाहेर काढून चाकाचं वळणं कमी केलं. मागच्या मडगार्डची कड कापली. चौथं काम सोडलं तर बाकी तिन्ही कामांनी गाडीचा स्वभाव बदलला होता, आणि मुलाला त्यातलं एकही कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

आबांची तक्रार निराळी होती. "रुतत न्हाई, ते खरं. पण घाटात दम टाकती. दुसऱ्यावर जायची तिथं पहिला पाडावा लागतोय. उतरताना ब्रेकचा वास येतोय. आन् ॲव्हरेज चौदाचं साडेअकरावर आलं."

मी दोघांना चहा सांगितला आणि गाडी ठेवून घेतली.

मोजमाप

टायरच्या बाजूवरचे आकडे वाचता आले तर अर्धं काम होतं. २१५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, चाक १५ इंची. बाजू १६१ मिलिमीटरची. ती दोनदा धरून त्यात चाकाचे ३८१ मिळवले की एकूण उंची ७०३ मिलिमीटर येते. एकतीस इंची टायर ७८७ मिलिमीटरचा. फरक ८४ मिलिमीटर, बारा टक्के. गाडीचं हाऊसिंग, म्हणजे मागच्या एक्सलचं कवच, मात्र त्याच्या निम्म्यानंच उचलतं, म्हणजे ४२ मिलिमीटर. ठोकळ्यांनी हौदा आणखी वर गेला, पण ठोकळा एक्सल आणि पाटा यांच्या मध्ये बसतो. हाऊसिंग त्यानं तसूभरही उचललं जात नाही. मुलाला हे पटवायला मला गाडीखाली झोपून टेप लावून दाखवावा लागला.

कागदावरच्या मापावर मी थांबत नाही. टायरवर आणि जमिनीवर खडूची रेघ मारायची, गाडी ढकलून चाकाचा एक पुरता फेरा करायचा आणि दोन रेघांतलं अंतर मोजायचं. आबांच्या गोठ्यातून जुना टायर मागवून तो एका बाजूला चढवला आणि तसंच मोजलं. जुना एका फेऱ्यात २१४ सेंटीमीटर चालत होता, नवा २४०. इंजिन तेवढेच फेरे फिरून आता प्रत्येक फेऱ्याला हातभर नाही तरी वीतभर जास्त रस्ता कापत होतं. हा फायदा वाटतो, पण तेवढाच जोर लांब अंतरावर पसरतो. जमिनीवर पोचणारी ओढ दहा टक्क्यांहून थोडी जास्तच घटली होती. जणू कुणी मालकाला न विचारता क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधली गिअरची जोडी, बदलून टाकलं. त्रेसष्ट घोड्यांच्या भरलेल्या गाडीला घाटाच्या पायथ्याच्या पोफळीपासून वर चढताना दमवायला तेवढं पुरतं. दुसरा गिअर जिथं जेमतेम ओढायचा तिथं आता ओढत नव्हता, आणि मुलगा अर्धा क्लच दाबून वेळ मारून नेत होता. क्लच प्लेट उघडून पाहिली तेव्हा रिव्हेटला लागायच्या बेतात होती.

उतारावर हीच गोष्ट उलटी फिरते. इंजिनाचा ब्रेक ज्या गिअरमध्ये गाडी धरून ठेवायचा, त्याच गिअरमध्ये ती आता बारा टक्के जोरात उतरते. पायाचा ब्रेक जास्त लागतो. चाक मोठं झाल्यानं ब्रेकची पकडही जमिनीपर्यंत पोचेतो तेवढीच कमी होते. त्यात वजन: अलॉयसकट एक चाक ३३ किलो भरलं, जुनं २४. फिरतं वजन थांबवायला वेगळा जोर लागतो.

पण ब्रेकच्या वासाचं खरं कारण ठोकळ्यात सापडलं. या गाडीला मागच्या ब्रेकसाठी भार ओळखणारा व्हॉल्व आहे. चॅसीवर व्हॉल्व, एक्सलला जोडलेली त्याची दांडी. माल भरला की हौदा खाली बसतो, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. रिकाम्या गाडीत मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी फिरू नये म्हणून दाब कमी. ठोकळ्यांनी एक्सल आणि चॅसी यांच्यातलं अंतर दोन इंचांनी कायमचं वाढवलं. गाडी भरलेली असली तरी व्हॉल्वला ती रिकामी वाटत होती. दीड-दोन महिने ही गाडी सव्वा टन माल घेऊन कुंभार्ली उतरली ती जवळजवळ पुढच्या ब्रेकवर. पुढच्या डिस्क निळ्या पडल्या होत्या. (आमच्या धंद्यात चाकाच्या रिमलाही डिस्कच म्हणतात, ही ब्रेकची.) हे पाहिल्यावर मी आबांना सांगितलं, टायरचं काय ते नंतर ठरवू, ठोकळे आज निघतील. ठोकळ्यावर गाडी चालवायची असेल तर निदान दांडीचा कंस तेवढाच लांब करून व्हॉल्व पुन्हा लावून घ्यायचा असतो. तो कुणी करत नाही.

स्टॉपर बोल्टचा परिणाम घाटात रोज भोगावा लागत होता. चाक कमी वळतं म्हणून गाडीला वळायला जागा जास्त लागते, आणि आधी एका दमात निघणाऱ्या वळणावर मुलगा रिव्हर्स मारत होता, मागं एसटी उभी. त्यातला एक बोल्ट सैल होऊन आत गेला, म्हणून ती चर्र चर्र. रुंद अलॉयमुळं चाकं दोन्हीकडं चार-चार सेंटीमीटर बाहेर आली होती. वजन बेअरिंगपासून लांब गेलं की बेअरिंगवर तरफेसारखा ताण येतो. पुढच्या डाव्या बेअरिंगला खुळखुळ लागलेलीच होती. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत उभ्यानं चाक फिरवायला किती जोर लागायचा, ते मुलाच्या खांद्यांना विचारावं.

काट्यावर

आता एकतीस इंचीच्या बाजूनं बोलतो, कारण एका बाबतीत ते जुन्यापेक्षा सरस होते.

गाडी मी काट्यावर नेली. आधी पूर्ण, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. रिकामी गाडी १,६४० किलो, त्यातले ७०० मागं. बाराशे किलो माल भरून २,८४०, त्यातले १,८४० मागं. म्हणजे मागच्या एकेका टायरवर ९२० किलो. गोठ्यातून आणलेल्या जुन्या टायरच्या बाजूवर मापाच्या पुढं १०० आकडा होता. भाराच्या तक्त्यात १०० म्हणजे ८०० किलो, तेही पुरती हवा असताना. आणि मापाच्या आधी पी हे अक्षर, म्हणजे प्रवासी गाडीचा टायर. २१५/७५ आर १५ हा बोलेरो जीपचा ओळखीचा आकार. आधीच्या मालकानं कुठल्यातरी जीपवरून उतरलेले स्वस्तातले टायर मालवाहू गाडीला घातले होते. आबा तीन वर्षं प्रत्येक फेरीला मागच्या दोन टायरवर सव्वाशे-सव्वाशे किलो जास्त घालत होते. वर्षाला दोनदा टायर फुगतो, हे ते रस्त्याच्या नावावर खपवत होते.

एकतीस इंचीवर १०९ आकडा. म्हणजे १,०३० किलो, पन्नास पीएसआय हवेवर. भाराला पुरेसा. म्हणून मी हवा तपासली आणि कपाळाला हात लावला. मागं पंचवीसची हवा होती.

"चिखलात चांगलं चालतं म्हणून कमीच ठेवतो," मुलगा म्हणाला.

पंचविसाच्या हवेवर तोच टायर पाऊण टनही पेलत नाही. भरलेल्या गाडीखाली त्याची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, आतून तापते आणि तापलेला टायर घाटात कुठं सोडून देईल ते सांगता येत नाही. भाराचा आकडा हवेच्या आकड्यासोबतच वाचायचा असतो. टायरवर तो तसाच छापलेला असतो, फार बारीक अक्षरांत.

वाडीचा चढ

रुतण्याचा प्रश्न मात्र खरा होता, आणि त्याचं उत्तर दुकानात बसून मिळणार नव्हतं. जुलैतल्या एका भिजक्या सकाळी मी वाडीवर गेलो. फाट्यापासून वाडीपर्यंत दीडेक किलोमीटर मुरमाचा रस्ता, शेवटी एक चढ. दोरी आणि पाणपातळी लावून मोजला: आठ मीटरला एक मीटर. वर चार बोटं लाल चिखल, खाली कडक मुरूम. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. काळ्या रानात चिखलाला तळ नसतो, तिथं रुंद टायर वर तरंगत जातो. इथं तळ चार बोटांवर आहे. इथं अरुंद टायर चिखल कापून खाली मुरमाला भिडतो, आणि रुंद टायर चिखलावरच बसून घसरतो.

आधी आहे त्याच एकतीस इंचीवर पाहिलं. पंचवीसची हवा, गाडी रिकामी: चढली. हवा पन्नासवर नेली: अर्ध्या चढावर मागचं एक चाक जागीच गरगरू लागलं. टायर तेच, उंची तीच. मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्याला चढवत होती ती कमी हवा आणि त्या टायरची खोल नक्षी; एकतीस या आकड्याचा त्यात वाटा फार थोडा होता. मग जुने गुळगुळीत २१५ चढवून पाहिले. चढाच्या पायथ्याशीच बसले. नक्षी मोजली तर १.६ मिलिमीटरच्या खाली, म्हणजे कायद्यानंही बाद.

ढोबळ हिशोब असा. सोळाशे चाळीस किलोची गाडी या चढावर नुसती ओढून धरायलाच दोनशे किलोंचा जोर लागतो. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन सातशे. ओल्या चिखलावर घासलेला टायर वजनाच्या पाव हिश्श्याएवढी पकड देत असेल, तर जोर मिळतो पावणेदोनशे. इंजिन शंभर घोड्यांचं असतं तरी गाडी चढली नसती. त्यात मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल साधं. एक चाक सुटलं की सगळा जोर त्याच चाकातून वाया जातो. अशा वेळी हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून हलका गॅस दिला की सुटलेलं चाक थोडं आवळलं जातं आणि दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. मुलाला ही युक्ती ठाऊक नव्हती. आबांना होती, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग आबांच्याच गोठ्यातली पेंडीची पाच पोती, अडीचशे किलो, हौद्यात अगदी मागच्या फाळक्याला टेकून ठेवली. त्याच गुळगुळीत टायरवर गाडी कशीबशी, घसरत, पण पाऊण चढ गेली. आत्तापर्यंत ती पायथ्याला बसत होती. पोत्यांसकट एकतीस इंची घालून पन्नासच्या हवेवर सरळ वर गेली.

हवेचंही असंच. रिकाम्या गाडीत मागच्या एकेका टायरवर साडेतीनशे किलो असतात. पंचावन्नच्या हवेवर त्याचा जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानानं नव्वद चौरस सेंटीमीटर, जेमतेम तळहाताएवढा. तीसच्या हवेवर एकशेसाठीच्या पुढं. रिकाम्या गाडीची हवा चढापुरती कमी करायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तीच हवा ठेवून माल भरायला.

कागदातला रकाना

पासिंग जवळ आलं होतं म्हणून आबांनी कागदांची पिशवी आणली होती. मालवाहू गाडीच्या नोंदणीत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या टायरचं माप लिहायला वेगळा रकाना असतो. फार थोडे लोक तो वाचतात. मीही सवयीनंच वाचला. तिथं होतं ७.०० आर १५ एलटी.

हा जुन्या पद्धतीचा मालवाहू आकार. सात इंच रुंद, एलटी म्हणजे हलक्या ट्रकचा. आजही जास्त भाराच्या पिकअपवर हा दिसतो. याची उंची साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे आबा ज्यांना 'कंपनीचे' समजत होते ते २१५ टायर मुळातच पाच सेंटीमीटरनं बुटके होते. गाडी तीन वर्षं बसकी चालत होती, आणि मोठा टायर हवा ही मुलाची मागणी रास्त होती. त्यानं फक्त चुकीच्या दिशेनं मोठा घेतला, उंचीत थोडा आणि रुंदीत फार.

यातून दुसरा एक गुंता सुटला. स्पीडोमीटर साडेसातशेच्या टायरवर बेतलेला. बुटक्या टायरवर तो साडेसहा टक्के वाढीव दाखवत होता. साठचा आकडा असताना गाडी छप्पननं पळत होती, आणि किलोमीटरही फुगून पडत होते. एकतीस इंचीवर उलट, साठ दाखवत त्रेसष्टनं. आबांचं चौदाचं ॲव्हरेज खरं तर तेराच्या थोडं वर होतं, आणि साडेअकराचं ॲव्हरेज खरं बाराच्या वर. त्यांना अडीच किलोमीटरचा फटका दिसत होता, प्रत्यक्षात बसत होता एकाचा. वहीत तीन वर्षांत साठ हजार किलोमीटर लिहिलेले. त्यातले पावणेचार हजार झालेच नव्हते. "म्हणजे ऑइल जरा लवकरच बदललं म्हणायचं," आबा म्हणाले.

बुटक्या टायरचा एक फायदा होता, तोही सांगायला हवा. लहान चाकामुळं गाडी घाटात मुळापेक्षा जास्त ओढायची. आबांच्या हाताला तीच सवय लागली होती. म्हणून एकतीस इंची त्यांना इतके जड वाटले. मूळ मापाशी तुलना केली तर ते पाचच टक्के मोठे होते.

मधला पर्याय मुलानं काढला: २३५/७५ आर १५. उंची ७३३, दिसायला भारदस्त, बाजारात सहज मिळणारा. पण त्याला चाक किमान सहा इंच रुंद लागतं आणि या गाडीच्या मूळ लोखंडी डिस्क साडेपाच इंची. अरुंद डिस्कवर रुंद टायर बसतो, हवाही धरतो. पण त्याच्या बाजू आत आवळल्या जातात, मधला पट्टा फुगतो आणि वळणावर गाडी डोलते. एकतीस इंचीला तर निदान सात इंची चाक लागतं, म्हणून तर अलॉय आले. मी नाही म्हटलं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीत असलेल्या आणि उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग असतं, त्यामुळं झाकून ठेवायची सोयही नाही. रस्त्यावर कुणी अडवत नाही म्हणून चालतं असं लोक म्हणतात. अपघात झाला आणि विमा कंपनीचा माणूस टेप घेऊन आला की मग कळतं.

काय केलं

ठोकळे काढले. मूळ लांबीचे यू-बोल्ट, पुढचा वाढीव पाटा बाहेर, स्टॉपर बोल्ट जागेवर. आबांच्या ओळखीच्या एका भंगारवाल्याकडून चार मूळ डिस्क मिळाल्या. त्यातली एक वाकडी निघाली, ती परत केली. चार नवे ७.०० आर १५ एलटी घेतले: पुढं सरळ धारीचे, म्हणजे स्टिअरिंग हलकं आणि डांबरावर पकड चांगली, मागं आडव्या खोल गट्ट्यांचे, चिखलासाठी. बाजूवर भार एक टनाच्या पुढचा. घेताना टायर कधी बनला त्याचा चार आकडी शिक्का वाचून घेतला, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानदारानं आधी पुढं केलेले दोन टायर चार वर्षांपूर्वीचे होते, ते बदलून घेतले. स्टेपनी म्हणून आबा जुना २१५ ठेवायला निघाले होते. मागच्या एक्सलवर एका बाजूला बुटका आणि दुसऱ्या बाजूला उंच टायर पडला की डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं; म्हणून पाचवाही तोच घ्यायला लावला. त्यावर थोडी कुरबुर झाली.

क्लच प्लेट, पुढचं एक बेअरिंग आणि ब्रेकचे पॅड गेले. टायरसकट एकूण खर्च एकतीस इंचीच्या संचापेक्षा जास्त झाला. तो संच मुलानं पुन्हा चिपळूणकडंच विकला, घेतल्यापेक्षा नऊ हजार कमी मिळाले.

ऑगस्टमध्ये पुन्हा वाडीवर गेलो. रिकामी गाडी, मागं पंचावन्नची हवा: चढाच्या तीनातल्या दोन हिश्श्यांवर घसरली. तीसची हवा: हळूहळू, चाकं थोडी मारत, वर. पंचावन्नची हवा आणि हौद्यात अडीचशे किलो: दुसऱ्या गिअरवर गेली, मध्ये थांबवून पुन्हा उचलली तरी गेली.

घाटात आबा अजून पूर्ण खूश नाहीत. बुटक्या टायरवर ओढायची तशी ओढत नाही, आणि ते खरंच आहे; मूळ मापावर सहा टक्के ओढ कमीच मिळणार. ॲव्हरेज तेराच्या थोडं वर, या वेळी खऱ्या किलोमीटरवर. ब्रेकचा वास गेला. मागच्या गट्ट्यांचा डांबरावर भुंग्यासारखा आवाज येतो, त्याची तक्रार मुलगा करतो, कारण गाणी नीट ऐकू येत नाहीत.

हवा रोज कमी-जास्त करायचा कंटाळा म्हणून मुलानं वाळूची पाच पोती भरली. माल घेऊन निघताना ती फाट्यावरच्या कट्ट्यावर उतरवून ठेवायची, रिकामं परतताना हौद्यात टाकून वाडीला चढायचं. गणपतीच्या आठवड्यात त्यातली दोन पोती कुणीतरी उचलून नेली. वाळूच ती, बांधकामवाल्याला लागतेच. आता पाचही पोत्यांत मुरूम भरलाय, आणि तो अजून तरी कुणी नेलेला नाही.